सात मिनिटांचा शॉट कापायचा का?

प्रश्न असा आला होता: "मी सोलापूरचा. माझी आजी विड्या वळते, तिच्यावर 26 मिनिटांची फिल्म केली. त्यात 7 मिनिटांचा एक अखंड शॉट आहे. कॉलेजच्या सभागृहात दाखवली तेव्हा लोकांनी दहा मिनिटांत मोबाइल काढले, काही उठूनच गेले. नंतर एक जण म्हणाला, निम्मी कर, चांगली होईल. दुसरा म्हणाला, इथल्या पब्लिकला हे कळत नाही, फेस्टिव्हलला पाठव. ताई, तुम्ही इतकी वर्षं संकलन करता. शॉट किती वेळ ठेवायचा हे कशावरून ठरवता? आणि प्रेक्षक कंटाळला तर चूक कोणाची?"

तू ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करते. फिल्म मी तीनदा पाहिली. दोनदा एकटीने आणि तिसऱ्यांदा पाच बायकांसोबत. त्या तिसऱ्या वेळेबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण माझं अर्धं उत्तर तिथूनच आलंय.

आधी निकाल देऊन टाकते. तो सात मिनिटांचा शॉट कापू नकोस. त्याच्या आधीचं आणि नंतरचं बरंच काही काप. शॉटवर घातलेली बासरी पूर्ण काढ. आणि "इथल्या पब्लिकला कळत नाही" हे वाक्य मनातून काढून टाक. ते ज्याने म्हटलं त्याने इथल्या माणसांकडे नीट पाहिलेलं नाही.

मी संकलन शिकले तेव्हा स्टीनबेक नावाच्या संकलनाच्या टेबलावर फिल्मची पट्टी हाताने कापायची असे. सेकंदाला 24 फ्रेम्स. 35 एमएमचा हजार फुटांचा रोल साधारण 11 मिनिटं चालायचा, त्यामुळे शॉट कितीही लांब ठेवावासा वाटला तरी रोल संपला की संपला. शिवाय प्रत्येक फुटाचे पैसे मोजावे लागत. कॅमेरा चालू ठेवणं हा तेव्हा खर्चाचा निर्णय होता, त्यामुळे तो विचार करूनच घेतला जायचा. आज मोबाइल तासभर चालू ठेवला तरी काही बिघडत नाही. म्हणून लांब शॉट घेणं सोपं झालंय आणि तो का घेतला हे सांगणं अवघड झालंय. मला येणाऱ्या दहापैकी सहा-सात फिल्म्समध्ये शॉट लांब असतो कारण तो थांबवायचं कोणाला सुचलेलं नसतं. तुझ्या आजीचा शॉट त्यातला नाही. तू दाराजवळ बसून, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवून, काहीतरी बघत होतास. ते काय, हे तुलाच अजून पुरतं कळलेलं नसावं.

आता शॉट किती वेळ ठेवायचा ते.

माणूस एखाद्या चौकटीकडे बघायला लागला की पहिल्या आठ-दहा सेकंदांत त्याला मुद्दा कळतो. म्हातारी बाई आहे, मांडीवर सूप आहे, सुपात तंबाखू आहे, ती विड्या वळतेय. कळलं. बहुतेक सिनेमे इथेच कापतात. हल्लीच्या मोठ्या व्यावसायिक सिनेमात एका शॉटची सरासरी लांबी चार-पाच सेकंदांच्या आसपास असते, कधी त्याहूनही कमी. त्यात वाईट काही नाही. तो सिनेमा पुढे काय झालं ते सांगायला निघालेला असतो.

तू कापलं नाहीस तर पुढचे वीस-तीस सेकंद अवघड जातात. प्रेक्षक मनात म्हणतो, बरं, पुढे? खुर्ची करकरते. कोणीतरी खोकतो आणि त्याच्या मागोमाग आणखी तिघे खोकतात. मी फिल्म दाखवताना पहिल्या रांगेच्या कडेला, लोकांकडे अर्धं तोंड करून बसते आणि वहीत वेळा टिपते. खोकला कधी आला, पहिला मोबाइल कधी उजळला, कोण मागे टेकलं. पडद्याकडे बघून जे कळत नाही ते चेहऱ्यांकडे बघून कळतं. इतक्या वर्षांच्या त्या वह्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: या अवघड तुकड्यानंतर दोनच गोष्टी होतात. एक तर माणूस उठतो, निदान मनाने तरी. नाहीतर त्याचा श्वास खाली बसतो आणि तो दुसऱ्यांदा बघायला लागतो. दुसऱ्यांदा बघताना तो मुद्दा शोधत नाही. त्याची नजर आपापली हिंडते. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर, बाईच्या अंगठ्याचं नख, दारातून येणारा उन्हाचा पट्टा मघाशी कुठे होता आणि आता कुठे आलाय.

माझी कसोटी तिथेच आहे. त्या दुसऱ्या बघण्यासाठी चौकटीत काही आहे का? काही बदलतंय का, अगदी तीळभर का होईना? असेल तर शॉट ठेवायचा, त्या बदलाला त्याचा स्वतःचा वेळ मिळेपर्यंत. नसेल तर खोकल्याच्या आधी कापायचा. सेकंदांचा आकडा मी कधीच आधी ठरवत नाही.

शान्ताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिलमान' तू पाहिला नसशील तर बघ. 1975 सालचा, 201 मिनिटांचा. केला तेव्हा ती पंचविशीत होती. एका विधवा बाईचे तीन दिवस, तिचं स्वयंपाकघर, बटाटे सोलणं, अंथरूण घालणं. फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलला पहिल्यांदा दाखवला तेव्हा लोक उठून जात होते आणि उठताना खुर्च्या आपटत होत्या. 2022 साली 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात तोच सिनेमा पहिला आला. ही माहिती मी तुला दिलासा म्हणून देत नाहीये. उठून गेलेला प्रत्येक प्रेक्षक पन्नास वर्षांनी चुकीचा ठरतो असं अजिबात नाही. मला त्यातली रचना दाखवायची आहे. पहिल्या दिवशी ती बाई सगळं जिथल्या तिथे करते, आपण ते पूर्ण बघतो, कंटाळतोसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. एवढंच होतं. आणि आपण खुर्चीत सरसावून बसतो, कारण आदल्या दिवसाच्या त्या कंटाळ्यात आपण तिची शिस्त पाठ केलेली असते. बटाटे जास्त शिजणं ही घटना वाटावी यासाठी आधीचा तासभर लागतो. म्हणजे तिथला संथपणा काहीतरी साठवत असतो आणि योग्य वेळी ते वापरतो.

आता त्या पाच बायका.

मी अशोक चौकाच्या मागे एका ओळखीच्या घरी गेले. तिथल्या मावशी चाळीस वर्षं विड्या वळतात. शेजारच्या चौघी आल्या, आपापली सुपं घेऊनच आल्या, कारण हात थांबवून चालत नाही. लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर ठेवला. मी फक्त इतकंच म्हटलं की एका पोराने त्याच्या आजीची फिल्म केलीय, सव्वीस मिनिटांची आहे.

सुरुवातीच्या तुझ्या सिद्धेश्वर तलावाच्या दृश्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. एकमेकींत बोलत होत्या. आजी दिसली तशा गप्प झाल्या. आणि तो लांब शॉट सुरू झाल्यावर, जिथे तुझ्या सभागृहात मोबाइल निघाले, तिथे या बायका बोलायला लागल्या, पण पडद्याशी. "पान वाळलंय तिचं." मी म्हटलं, कशावरून? "बघा की, कात्री लावताना कड फुटतीय. सकाळी भिजवलंच नसंल नीट." अर्ध्या मिनिटाने दुसरी म्हणाली, "आता ती बाजूला टाकणार." आणि तुझ्या आजीने खरोखरच एक पान बाजूला टाकलं. मी दोनदा फिल्म पाहिली होती, मला ते टाकणं दिसलंच नव्हतं. मग त्यांच्यात सुरू झालं: पान असं असलं तर छाट जास्त निघते, मग माप देताना, म्हणजे वळलेल्या विड्या मोजून देताना, तेवढ्या विड्या कमी धरतात, तेवढे पैसे गेले. चौथ्या मिनिटाला आजी दोरा बदलते. त्यावरही चर्चा झाली. पाचव्या मिनिटाला आजीचा वेग वाढतो. "उशीर झालाय," असं मावशी म्हणाल्या, "उन्हाकडं बघितलं तिनं."

त्यांना त्या सात मिनिटांत किमान पाच घटना दिसल्या. सभागृहातल्या मुलांना एकही दिसली नाही. आणि खरं सांगते, मलाही दोनच दिसल्या होत्या, तेही पोट संकलनावर भरत असताना.

म्हणून मी म्हणते की संथ हा शब्द शॉटला लावताना जरा थांबावं. ज्याला त्यातलं वाचता येतं त्याच्यासाठी तो शॉट संथ नसतो, भरलेला असतो. मागावर उभं राहिलेल्या माणसाला चादरीच्या विणीतला एक सुटलेला धागा दहा फुटांवरून दिसतो. आपल्याला नुसती चादर दिसते. तुझं काम प्रेक्षकाला संयम शिकवण्याचं नाही. त्याला वाचता येईल इतकं त्याच्या हातात आधी द्यायचं, हे तुझं काम आहे. ते तू केलं नाहीस. तुझ्या फिल्ममध्ये त्या लांब शॉटच्या आधी नऊ मिनिटं आहेत आणि त्यांत तलाव आहे, भुईकोट किल्ल्याची तटबंदी आहे, आजी गल्लीतून चालत जाताना तीन वेळा पाठमोरी दिसते. पान कसं भिजवतात ते नाही. पत्र्याचा तो छोटा साचा ठेवून पान कापतात ते जवळून नाही. दिवसाला हजार वळायच्या असतात हे कुठे कळत नाही. तलाव काढ आणि तिथे दीड मिनिटात हे चार-पाच शॉट घाल, जलद, साधे, एखाद्या पाककृतीसारखे. मग तोच सात मिनिटांचा शॉट, एक फ्रेमही न बदलता, कॉलेजच्या मुलांनाही वेगळा दिसेल. त्यांना निदान वाळलेलं पान ओळखता येईल.

बासरीबद्दल मला राग आला होता, तो आता उतरलाय, तरी लिहिते. तुझ्या शॉटमध्ये मागे सतत यंत्रमागाचा आवाज आहे. शेजारच्या गल्लीतला असणार. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला तो ऐकूही येत नाही, इतका तो अंगवळणी पडलेला असतो. चौथ्या मिनिटाच्या सुमारास तो माग थांबतो. वीज गेली असेल किंवा कांडीवरचा धागा संपला असेल. एकदम शांतता होते आणि त्या शांततेत पहिल्यांदाच आजीच्या कात्रीचा आवाज स्पष्ट येतो. आजी क्षणभर मान वर करते. तिलाही तो थांबलेला ऐकू आला. मग ती परत खाली बघते. साधारण चाळीस सेकंदांनी माग पुन्हा सुरू होतो. तुझ्या अख्ख्या फिल्ममधली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे रे, आणि तू त्यावर बासरी घातलीस. मी हेडफोन लावून, बासरीच्या खालून तो आवाज हुडकून काढला. सभागृहात तो कोणालाच ऐकू आलेला नसणार. बासरी सुरू झाली की प्रेक्षकाला कळतं, आता काही घडणार नाही, आता नुसतं हळवं व्हायचंय. तो मोबाइल काढतो आणि मला तो चूक वाटत नाही.

संथ सिनेमात निम्मं काम आवाज करतो. चौकट हलत नाही तेव्हा कान मोकळे होतात. म्हणून अशा फिल्मचं संकलन मी आधी डोळे मिटून करते. एकदा फक्त आवाज लावून बसते आणि कुठे काय बदलतं ते टिपते. तूही कर. मूळ आवाज वेगळा रेकॉर्ड केला असशील तर तो काढ. नसेल तर त्याच खोलीत, त्याच वेळेला पुन्हा जा आणि तासभर नुसता आवाज घेऊन ये.

थांबणं आपल्या लोकांना कळत नाही असं मानणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचा सिनेमा आठवावा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांच्या 'फँड्री'त (2013) डुक्कर पकडायची धावपळ चाललेली असते, सगळं घर पळतंय, आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सिनेमाचा नायक जब्या आणि घरचे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर समोर आहे. राष्ट्रगीत संपेपर्यंत काहीही हलत नाही. मी ते भरल्या थिएटरात पाहिलं आहे. आधी थोडं हसू फुटलं आणि मग ते आपोआप विरलं. कोणी कोणाला गप्प बसायला सांगितलं नाही. तिथे थांबण्याला कारण होतं, ते प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होतं आणि थांबल्यामुळे काय हातचं जाणार आहे तेही ठाऊक होतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'चं (2014). शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, खोलीतले दिवे बंद होतात, दार लागतं आणि कॅमेरा त्या अंधारातच थांबतो. पुण्यात मी होते त्या खेळाला लोक सिनेमा संपला म्हणून उठले. काही पायऱ्या उतरले. आणि पडदा पुन्हा उजळला तेव्हा ते पायऱ्यांवर उभ्या उभ्या उरलेला सिनेमा बघत राहिले. मला तो अनुभव त्या शॉटचाच भाग वाटतो. न्यायालय बंद झालं, आपण उठलो, आणि माणसांचं जगणं मात्र चालूच आहे. दिग्दर्शकाने हे ठरवलं होतं की नाही मला ठाऊक नाही. पण इतका वेळ अंधार ठेवला नसता तर असं झालं नसतं.

दिग्दर्शक मणि कौल यांचं नाव तुझ्या पत्रात होतं, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. 'उसकी रोटी'तली बालो बसच्या थांब्यावर नवऱ्याची भाकरी घेऊन उभी असते, हे तुला आवडलं आणि तू आजीला तसंच तीन वेळा पाठमोरी दाखवलीस. तिथे ती वाट बघतेय, वाट बघणं हाच त्या सिनेमाचा विषय आहे. तुझी आजी कोणाची वाट बघत नाही, ती माप द्यायला निघालीय आणि तिला घाई आहे. तिला तू दिग्दर्शक म्हणून हळू चालायला लावलंस ना? चालीतून कळतं. पाऊल टाकून ती तुझ्याकडे बघते, बरोबर झालं का म्हणून. ते तिन्ही शॉट काढ. दुसऱ्याच्या सिनेमातला संथपणा आपल्या माणसाच्या अंगावर चढवला की तो लगेच उपरा दिसतो. असल्या फिल्म्स मी फेस्टिव्हलांतून खूप बघते: खिडकी, धुकं, पाठमोरा माणूस, चार मिनिटं. त्यात बघायला काही नसतं आणि तरी प्रेक्षकावर दडपण असतं की हे आवडायलाच हवं. अशा वेळी कंटाळलेला प्रेक्षक मला प्रामाणिक वाटतो.

चूक कोणाची, हे तू विचारलंस. मी दोन कंटाळे वेगळे धरते. एका कंटाळ्यात माणूस रिकामा होत जातो, त्याला करण्यासारखं तू काही ठेवलेलं नसतं. ती तुझी चूक. दुसऱ्यात तो अस्वस्थ असतो कारण त्याची घाई सुटत नाहीये आणि फिल्म ती हळूहळू सोडवतेय. त्यात चूक कोणाचीच नाही, पण तो कंटाळा पार करायला त्याला मदत लागते. थोडा अंधार, बरा आवाज, बसायला धड खुर्ची. तुझी फिल्म दुपारी तीन वाजता, एप्रिलच्या उन्हात, पडदे न लागणाऱ्या खिडक्यांच्या हॉलमध्ये, तासभराच्या भाषणांनंतर दाखवली गेली. तिथे कोणाचीही फिल्म पडली असती. संध्याकाळी सातनंतर दाखव. चाळीस माणसं पुरेत. आधी उभं राहून "ही फिल्म जरा संथ आहे, संयम ठेवा" असं चुकूनही म्हणू नकोस, त्याने माणूस आधीच घड्याळ बघायला लागतो. किती मिनिटांची आहे तेवढं सांग आणि दिवे बंद कर.

आणि कोणी झोपलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांनी अशा अर्थाचं बोलून ठेवलंय की प्रेक्षक सिनेमात डुलकी काढतो आणि नंतर तोच सिनेमा त्याला रात्री जागवतो, असे सिनेमे त्यांना आवडतात. मला आमच्या एका खेळाला आलेले काका आठवतात. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून थेट आले होते. दहाव्या मिनिटाला झोपले, शेवटच्या पाच मिनिटांना जागे झाले. बाहेर चहा घेताना म्हणाले, "आवाज नव्हता ना, म्हणून डोळा लागला." दिवसभर त्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला माझ्या फिल्मने शांत जागा दिली. तो पुढच्या महिन्यात परत आला, तेव्हा सुट्टीच्या दिवशी, बायकोला घेऊन. त्या वेळी दोघांनी पूर्ण पाहिली. अंगात थकवा असलेल्या माणसाकडे आपण संयम मागतो तेव्हा तो कुठून आणणार आहे याचा विचार आपण करायला हवा, एवढं मला त्यांच्याकडून कळलं.

शेवटचं. तो सात मिनिटांचा शॉट तू जिथे तोडलास ती जागा चुकली आहे. आजी वळलेल्या विड्या पुढ्यात ओढते, पंचवीस-पंचवीसची जुडी बांधायला घेते, आणि तू थेट तलावावरच्या सूर्यास्तावर जातोस. त्या वेळी पाचही बायका एकदम ओरडल्या. मला वाटलं लॅपटॉप बंद पडला. नंतर त्यांनी सूर्यास्त बघितलाच नाही, मला विचारत राहिल्या, "अहो, पण भरल्या किती? हजार झाल्या का तिच्या?" मला सांगता येईना. तुझ्याकडे पुढचं फुटेज असेल, तू कॅमेरा लगेच बंद केलेला नसणार. ते शोध, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत शॉट चालू ठेव, मग तो नऊ मिनिटांचा होवो की अकरा. मावशींनी निरोप दिलाय की आकडा कळव.